अक्कांचं नेट

"हे बघा, आणि मला सांगा साहेब, मी दंड भरण्यासारखं काय केलंय?"

आवटीअक्कांनी बिल माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मी जेवत होतो. शेजारचा माणूस जेवतोय की झोपलाय हे अक्का कधी बघत नसत, आणि "जरा थांबा" म्हणून उपयोगही नसे. त्यांचा डावा कान पुरता गेलेला, उजव्यात शिल्लक होतं ते भांडं पडल्याचं कळण्यापुरतं. पण समोरच्याचे ओठ दिसले की अक्का सगळं ओळखायच्या. आमच्या मिरजेतल्या त्या सोसायटीत लोक अक्कांची निंदा करायची झाली तर पाठ फिरवून करत.

मी हात धुतला आणि बिल हातात घेतलं. सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून माझी नोकरी झालेली. निवृत्तीनंतर 'साहेब' म्हणणारे या सोसायटीतच काय ते उरले होते, त्यामुळं बिल घेऊन येणारा माणूस मला मिठाई घेऊन येणाऱ्या पाहुण्यासारखा वाटे. पाणीपट्टी, गॅस, विमा, काहीही आणा. त्यातली चूक शोधताना मला जेवणाची आठवण राहत नसे.

"मुदतीपूर्वी सेवा बंद केल्याबद्दल आकार," मी ओठ नीट हलवून वाचलं, "दोन हजार चारशे."

"मी बंद केलं नाही! मी कशाला बंद करू? माझं पोर आहे त्याच्यात!"

मागून आवटीअण्णा आले. रेल्वेच्या सिग्नल खात्यात मेस्त्री म्हणून आयुष्य काढलेला उंच, किडकिडीत माणूस. दारातच थांबले.

"चौगुलेसाहेब, जाऊ दे की. भरून टाकतो मी."

मी चमकलो. अण्णा म्हणजे साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटवणारा माणूस. नव्या चपलेचं खोकं त्यांच्याकडं दहा वर्षं टिकायचं, चप्पल पंधरा. ते बिनबोभाट दोन हजार चारशे भरायला निघाले, म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं.

"काय म्हणतात हे?" अक्कांनी मला विचारलं. अण्णा त्यांच्या पाठीमागं होते.

"भरूया म्हणतात."

"ह्यांना काय कळतंय! रूळ सोडून जगात काय बघितलंय ह्यांनी?" अक्का न वळताच गरजल्या. "साहेब, तुम्ही चला माझ्यासंगं. पैसे गेले खड्ड्यात, मला माझं नेट परत पाहिजे."

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. फोनवर माणूस दिसायची सोय तेव्हा आमच्यासारख्यांच्या हातात आलेली नव्हती. अक्कांचा एकुलता एक मुलगा मल्लिकार्जुन, घरातला मल्लू, न्यूझीलंडला होता. साध्या फोनवर अक्कांना त्याचा एक शब्द कळत नसे. त्या नुसता फोन कानाला लावून "बरा हाईस का, बरा हाईस का" म्हणत राहायच्या आणि मग अण्णांकडं द्यायच्या. म्हणून गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्यानं घरात कॉम्प्युटर आणला, वर कॅमेरा बसवला, आणि 'वायुवेग' नावाच्या कंपनीचं नेट आईच्या नावावर घेतलं. दोन वर्षांचा करार. अर्जावर अक्कांनी कानडीत सही केली, कारण माहेर अथणीकडचं आणि शाळा तिथलीच.

मग रविवार सकाळ हा त्या घरातला सण झाला. अण्णा दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालत. अक्का ताटात दाण्यागुळाची शेंगापोळी ठेवून ते ताट कॅमेऱ्यापुढं धरत. पडद्यावर मल्लूचे ओठ हलायचे आणि अक्का अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यायच्या. मल्लूला सर्दी झाली की आम्हा सगळ्यांना कळायची.

हल्ली मात्र तो आवाज ऐकू येत नव्हता. नेट बंद पडलंय एवढंच सोसायटीला ठाऊक होतं.

"पोर तिकडं चडफडत असेल," अक्का म्हणाल्या. "फोन लावून लावून दमला असेल. ह्या कंपनीला देव बघून घेईल, पण देवाच्या आधी तुम्ही बघा."

*

'वायुवेग'चं ऑफिस स्टेशन रोडला एका औषध दुकानाच्या वर होतं. काउंटरवर तबस्सुम मुजावर नावाची मुलगी होती, नावाची पट्टी ओढणीला टाचलेली. अक्कांनी जाताच सुरुवात केली.

"ए बाळ, माझं नेट का बंद केलं? पैसे भरले नाहीत का मी?"

"आजी, हळू बोला ना जरा."

"ओरडू नकोस म्हणतीस? मग तू का बंद केलंस?"

बाकावर बसलेली दोन माणसं हसली. तबस्सुमनं नंबर घालून बघितलं, आणि तिचा चेहरा बदलला. ती खालच्या खणात काहीतरी शोधायचं निमित्त करून वाकली आणि मला म्हणाली, "काका, ह्यांचे मिस्टर स्वतः आले होते. मीच होते इथं. म्हणाले, बंद करा. मी सांगितलं, मुदतीआधी बंद केलं तर दंड लागंल. म्हणाले, लागू दे. मोडेमसुद्धा आणून दिला."

तिनं खण थोडा ओढून आतला मोडेम फक्त मला दाखवला. वायर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळलेली, मधोमध सुतळीची गाठ. आमच्या सोसायटीत कपडे वाळत घालायच्या दोरीपासून टिल्लू पंपाच्या वायरीपर्यंत सगळं याच पद्धतीनं गुंडाळलेलं असे. मेस्त्री एकच होता.

"काय म्हणते?" अक्का.

"तपासते म्हणते," मी सांगितलं.

माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. महिना सहाशे रुपये भाडं. सव्वा वर्ष अजून बाकी. म्हणजे नऊ हजार. दंड दोन हजार चारशे. म्हाताऱ्यानं नऊ हजार वाचवायला चोवीसशेचा घाव सोसायचं ठरवलं होतं, आणि बायकोला कळू नये म्हणून दंडही गुपचूप भरणार होता. चिक्कूपणाची इतकी स्वच्छ बेरीज मी सहकारी संस्थांतसुद्धा बघितली नव्हती. खरं सांगतो, मला हसू आलं. अण्णांचा डाव त्यांच्याच अंगावर उलटवायची संधी सोडवेना.

"मॅनेजरला बोलवा," मी म्हणालो.

हावळे नावाचा तरुण बाहेर आला. टाय होता, पण गाठ सैल.

"जोडणी कुणाच्या नावावर?" मी विचारलं.

"महानंदा शिवलिंग आवटी."

"बंद करा म्हणून कोण सांगून गेलं?"

"त्यांच्या घरचेच आले होते, सर."

"घरचे म्हणजे कोण? उद्या तुमच्या घरचं कोणी माझ्याकडं येऊन म्हणालं, ह्या हावळ्याचं बँकेतलं खातं बंद करा, तर करू? ग्राहक समोर बसल्यात. त्यांची सही घेतली? त्यांना विचारलं?"

"सर, सिनियर सिटिझन होते, आम्ही विश्वासानं..."

"विश्वासानं दंडही माफ करता का मग? सेवा तुम्ही चुकीची बंद केली, आणि दंड ह्या बाईंना?"

हावळेनं टाय आणखी सैल केला. आत गेला, कुणाशी तरी फोनवर बोलला, परत आला. दंड माफ. जोडणी परत, लावणावळ फुकट. फक्त जुना करार कागदोपत्री संपल्यामुळं नवा करावा लागेल, आजपासून दोन वर्षांचा.

मी अक्कांकडं वळलो. "सुरू करतात म्हणे. आज संध्याकाळी."

अक्कांचे डोळे माझ्या ओठांवर खिळले होते. "परत म्हणा."

"आज संध्याकाळी सुरू."

त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढत कानडीत सही केली. मग तबस्सुमच्या गालावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. "बाळा, मघाशी ओरडले, मनात धरू नकोस. रविवारी पोर दिसंल आता मला."

तबस्सुम माझ्याकडं बघत होती. मी मिशीत हसलो. येताना अक्कांनी रिक्षा थांबवून दोन किलो शेंगदाणे घेतले.

*

संध्याकाळी वायरमन येऊन गेला. कॉम्प्युटरवरचं विणलेलं आच्छादन निघालं. स्वयंपाकघरात अक्का शेंगदाणे भाजायला बसल्या. दार उघडं होतं आणि तिथून त्यांना आम्ही दोघं दिसत होतो.

मी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "काय अण्णा, नऊ हजाराची बचत गेली की! बायकोच्या सुखावर कात्री लावताना माणसानं आधी शेजारी कोण राहतं ते बघावं."

अण्णा हसले नाहीत. उठून खिडकीशी गेले, गजांकडं तोंड केलं, म्हणजे अक्कांच्या बाजूला फक्त पाठ राहिली. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो.

"पैशासाठी नाही केलं वो साहेब."

"मग?"

"पहिले दोन महिने दर रविवारी आला त्याचा फोन. मग एक सोडून एक. मग महिन्यातून एकदा. गुढीपाडव्याला आला तो शेवटचा. ही मात्र दर रविवारी पोळ्या करून बसायची. नेट चालू, दिवे लुकलुकतायत, आणि ही बसलीय. दुपारचे दोन वाजले तरी उठायची नाही. उठली तर तेवढ्यात येईल म्हणून."

"रागवलाय का तो?"

"रागवला असता तर बरं होतं. रागावलेलं माणूस परत येतंय. मी बाजारातून फोन केला होता त्याला. चांगला बोलला. म्हणाला, अण्णा, रविवारी आम्ही बाहेर असतो, सवडीचा वार बघून सांगतो. बरं म्हटलं." अण्णांनी गजावरची धूळ बोटानं पुसली. "रागवला नाही साहेब. त्याच्या लक्षातच राहत नाही."

आतून भाजलेल्या शेंगदाण्यांचा खमंग वास येत होता.

"आधी मी नुसती वायर उपसली मागची. म्हटलं, नेट गेलंय. तर हिनं कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं वायर खोचली आणि हसत गेला. मग म्हटलं, मुळातच बंद करावं."

"पण अक्कांना खरं सांगितलं असतं तर?"

अण्णांनी गज धरला. "साहेब, आमच्या खात्यात सिग्नल असा बांधतात की काही बिघडलं, तार तुटली, वीज गेली, की तो आपोआप लाल होतो. का? तर लाल सिग्नल असला की माणूस थांबतो, वाट बघतो, आणि सिग्नलला शिव्या देतो. गाडीवर त्याचा विश्वास राहतो. पण सिग्नल हिरवा असावा, लाइन मोकळी असावी, आणि गाडीच येऊ नये..." त्यांनी मान हलवली. "ते बघवत नाही वो. नेट बंद झाल्यावर ही किती खुशीत होती बघितलं का तुम्ही? कंपनीला शिव्या द्यायची आणि पोटभर जेवायची."

"मी कळवतो मल्लूला. पत्ता द्या. शेजारी म्हणून लिहितो."

"नको. बोलावून आलेलं माणूस आणि आठवण होऊन आलेलं माणूस, हिला ओठांवरून कळतंय."

"काय बोलताय दोघं?" अक्का आतून ओरडल्या. "बघते, माझ्याकडं पाठ करून माझ्याच चुगल्या करताय."

अण्णा वळले. चेहऱ्यावर हसू चढवलेलं होतं. "साहेब विचारतायत, पोळीत तीळ घालणार काय?"

"घालणार तर! मल्लूला लागतात."

*

पुढचे रविवार मी घरातच असायचो, आणि भिंत पातळ होती. सकाळी इस्त्रीचा शर्ट झटकल्याचा आवाज यायचा. खुर्च्या सरकायच्या. मग काहीच नाही. जिन्यातून जाताना दार उघडं असलं की दिसायचं: दोघं शेजारी शेजारी, पुढं ताट, आणि पडद्यावर निळ्या चौकटीत मल्लूचा जुना फोटो. अण्णा दर थोड्या वेळानं मागच्या वायरी चाचपायचे. "सैल वाटतीय," म्हणायचे. अक्का म्हणायच्या, "नीट बसवा." एकदा मीच आत जाऊन म्हणालो, "कंपनीच्या लाइनीत काहीतरी गडबड दिसते, तक्रार करतो." अक्कांनी माझ्या ओठांकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बसा साहेब, पोळी खा. गरम आहे तोवर चांगली लागते."

मी खाल्ली. तीळ भरपूर घातले होते.

मग एका मंगळवारी अण्णा पेन्शनच्या कामाला सांगलीला गेलेले असताना अक्का माझ्याकडं आल्या. बिल नव्हतं हातात. कमरेचा बटवा होता. त्या माझ्यासमोर बसल्या आणि पहिल्यांदाच अगदी हळू बोलल्या. स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाला इतकं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

"साहेब, नेट बंद करायचंय."

"का अक्का? लाइन दुरुस्त होईल की."

"लाइन चांगली आहे." त्यांनी बटवा उघडला. "तुम्ही दोघं खिडकीकडं तोंड करून उभे राहिलात त्या दिवशी. ह्यांनी पन्नास वर्षांत माझ्यापासून तोंड लपवून कधी बोलणं केलं नाही. मला ऐकू येत नाही म्हणून वैतागून किती बोलायचे, पण माझ्यासमोर. त्या दिवशी पाठ केली. माणूस पाठ करून बोलायला लागला की ऐकायचं काय राहतं?"

माझे ओठ त्यांना दिसू नयेत म्हणून मी मान खाली घातली.

"मला चालतंय हो," त्या म्हणाल्या. "पोर मोठं झालं, त्याचं त्याला झालं. नेट परत आल्यावर दुसऱ्याच रविवारी मी समजले. पण हे बघा की. दर रविवारी दाढी करतात. हात थरथरतो आता, हनुवटीला कापून घेतात. शर्ट घालून बसतात आणि वायरी हलवतात. मला वाटावं वायरीचा दोष आहे म्हणून. आणि मी पोळ्या करते, ह्यांना वाटावं मला अजून आशा आहे म्हणून. खातो आम्ही दोघंच. माणसानं किती रविवार शेंगापोळी खायची?"

त्या हसल्या. मग पदराचं टोक डोळ्यांना नाही, ओठांना लावलं.

"ह्यांना सांगू नका मी बंद केलं म्हणून. कंपनीनंच केलं म्हणा. कंपनीला काय, तिला बोलणं खायची सवय आहे."

नोटा मोजून त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. चोवीसशे होते. त्यांना तेवढाच आकडा माहीत होता.

*

"बसा काका," तबस्सुम म्हणाली. "आजी कशा आहेत? दिसला का मुलगा?"

"जोडणी बंद करायचीय," मी म्हणालो आणि अक्कांच्या कानडी सहीचा अर्ज पुढं केला. या वेळी सही होती. नियमात सगळं बसत होतं.

ती अर्जाकडं बघत राहिली. मग नंबर घातला, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, नवीन करार आहे. नव्या करारांना दंड वाढवलाय कंपनीनं. चार हजार आठशे होतायत."

नवा करार मीच जिंकून आणला होता. दुप्पट दंडासकट.

"हावळेसरांना बोलवू का?" ती म्हणाली. "तुम्ही बोललात तर कमी करतील. मागच्या वेळी तुम्ही गेल्यावर दोन दिवस सर तुमचीच नक्कल करत होते."

हावळे काचेआडून मला बघून उभाच राहिला होता. टायची गाठ त्यानं आधीच सैल करून ठेवली होती.

"नको," मी म्हणालो. अक्कांच्या नोटांवर माझ्या ठेवल्या. "घ्या."

"भांडणार नाही?"

"नाही. पावतीही नको. कुणाला दाखवायची नाही."

*

पुढच्या रविवारी त्यांच्या दारावरून जाताना अण्णांनी हाक मारली. कॉम्प्युटरवर आच्छादन चढलेलं होतं. अण्णा बनियनवर, जमिनीवर मांडी घालून शेंगा फोडत होते. हनुवटीवर दोन दिवसांचे पांढरे खुंट होते. अक्का शेजारी बसून दाणे निवडत होत्या. ताक प्यायलेला पेला मधे होता, दोघांत एक.

"ऐकलं का साहेब," अण्णा मोठ्यानं म्हणाले, ओठ अक्कांना नीट दिसतील असे. "कंपनीनं परत नेट तोडलं! न विचारता, न सांगता!"

"चोर आहेत, चोर!" अक्का म्हणाल्या. "पोर तिकडं चडफडत असेल."

"असेल तर!" अण्णा म्हणाले. "साहेब, तुम्ही जाऊन भांडा बघू त्यांच्याशी."

"काही उपयोग नाही अण्णा," मी उंबऱ्यावर बसत म्हणालो. "असली कंपनी मी जन्मात बघितली नाही."

"नाहीच!" दोघं एकदम म्हणाली, आणि अक्कांनी मूठभर दाणे माझ्या हातात घातले.